चौदावा जोड

आमच्या घरात हात माझा, नंबर सासऱ्यांचा आणि कागद नवऱ्याचा, असा तीन पायांचा कारभार होता. हसू येत असेल तर हसा. पण हे काम ज्यांना माहीत नाही त्यांना आधी सांगते. जास्त दाबाच्या वाफेच्या पाइपाला वेल्डिंगचा जोड मारला, की जोडाशेजारी पोलादी पंचने, म्हणजे आकड्याच्या ठशाने, वेल्डरचा नंबर ठोकावा लागतो. तो नंबर सरकारी परीक्षा दिल्यावर मिळतो. उद्या जोड फुटला तर मान कोणाची धरायची, ते त्यावरून कळतं. माझे सासरे अण्णा, त्यांचा नंबर एक्केचाळीस. ठेकेदारीचं लायसन्सही त्यांच्याच नावावर, आणि ते टिकायचं या नंबराच्या जिवावर.

तीन वर्षांपूर्वी अण्णांचा हात थरथरायला लागला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले, तेव्हा घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला वेल्डिंगचं वावडं. लहानपणी एकदा चष्म्याशिवाय ठिणगीकडे बघितलं, रात्रभर डोळे चोळत रडला, आणि तो धडा त्याने जन्मभर पुरवला. कागदी घोडे नाचवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. ‘वेल्डर नंबर एक्केचाळीस नियमित काम करत आहे’ असं पत्र तो दर सहा महिन्यांनी पाठवायचा. नियमित काम करायची मी.

शिकवलं अण्णांनीच. लग्नाआधी मी शिवणकाम करायची. ते म्हणाले, सरळ टीप घालता येते ना, मग हेही येईल. आणि आलं. उगाच फुशारकी मारत नाही, पण जोडाचे एक्स-रे काढणारा माणूस माझं काम बघून अण्णांना विचारायचा, मिस्त्री, या वयात असा हात? मिस्त्री गालातल्या गालात हसायचे आणि मी मागे उभी राहून रॉडचा डबा आवरायची. जीव जळायचा माझा. कामावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर मी मदतनीससुद्धा नव्हते.

एक गोष्ट अण्णांनी शेवटपर्यंत सोडली नाही. कामाचा शेवटचा जोड मिस्त्रीने मारायचा, ही त्यांच्या उस्तादाची रीत. थरथरत्या हाताने ते शिडी चढायचे, जोड मारायचे आणि खाली येऊन म्हणायचे, “साफ करून घे.” मग डबा खाऊन तासभर आडवे व्हायचे. तो तास माझा. ग्राइंडर लावून मी त्यांचा सगळा जोड कापून काढायची आणि मुळापासून पुन्हा मारायची. उठल्यावर ते जोडाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मी मनात म्हणायची, बघा म्हाताऱ्याचा तोरा, आपला हात गेलाय हे गावीही नाही. कीव यायची आणि रागही यायचा.

साबणाच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा चार दिवस बॉयलर बंद होता आणि चौदा जोड मारायचे होते. तिथला बॉयलर बघणारा माणूस साठीला टेकलेला होता. आम्ही त्याला काका म्हणायचो. बॉयलर बंद म्हणून आमचे डबे गार राहतात याचं त्यालाच वाईट वाटायचं. म्हणायचा, वाफ सुरू झाली की मुद्दाम जेवायला या, पाइपावर ठेवून असा डबा गरम करून देतो की घरचा विसराल.

चौथ्या दिवशी सकाळी मी वेल्डरच्या परीक्षेचा अर्ज अण्णांपुढे ठेवला. त्यावर ठेकेदाराची एक सही हवी होती, बाकी सगळं मी भरलं होतं. तीन वर्षांत हा तिसरा अर्ज. अण्णांनी तो वाचला, घडी घातली आणि जेवणाच्या डब्याखाली सारली.

“नंबर म्हणजे मिरवायचा बिल्ला नाही, सूनबाई. नंबर ज्याचा, गळा त्याचा. माझा आहे तोवर तुला काय कमी आहे?”

काय कमी आहे! तेरा जोड मी मारले होते, कंबरेचा काटा ढिला झाला होता, आणि हे विचारतात काय कमी आहे. मी रॉडचा डबा उचलला. न बोलता माझा राग जास्त चढतो, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

दुपारी अण्णा चौदाव्या जोडासाठी परांचीवर चढले. मी रॉड देत होते. पहिली फेरी आतपर्यंत पोहोचलीच नाही, हे मला आवाजावरून कळलं. आत लोखंड एकजीव झालेलं नाही, वरून मात्र थर चढतोय. ते खाली उतरले, साफ करून घे म्हणाले आणि हात धुवायला गेले. ग्राइंडर माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. तारेच्या ब्रशने जोड वरवर चकचकीत केला, पिशवीतून पंच काढला आणि शेजारी एक्केचाळीस ठोकला. हातोडी जरा जोरातच बसली.

मनात पाप नव्हतं, नुसता राग होता. एक्स-रेवाला शेवटचा जोड घेतल्याशिवाय राहत नाही हे मला पाठ होतं. म्हटलं, दिसू दे एकदा सगळ्यांना. जोड नापास होईल, म्हाताऱ्याचा तोरा उतरेल आणि मुकाट्याने अर्जावर सही होईल. तेवढंच हवं होतं मला.

पण कारखान्याच्या मॅनेजरला वाफ सुरू करायची घाई. त्याने संध्याकाळी परांची उतरवून टाकली. नियमाने चौदातले दोनच एक्स-रे पुरत होते, म्हणून एक्स-रेवाल्याने जमिनीवरून हात पोहोचेल ते दोन घेतले. दोन्ही माझे, दोन्ही निर्दोष. पाणी भरून दाबाची चाचणी घेतली, तीही पार पडली. दुसऱ्या दिवशी नवरा खुशीत सर्टिफिकेट घेऊन घरी आला. तोवर कारखान्यात वाफ सुरू झाली होती.

तेव्हाही बोलता आलं असतं. पण बोलले असते तर एक्केचाळीस नंबर कोणाच्या हाताचा, हेही बाहेर आलं असतं. लायसन्स गेलं असतं, घर बसलं असतं. पाण्याच्या चाचणीत टिकला ना, मग टिकेल, असं मी स्वतःला रोज समजावायची. अकरा आठवडे समजावलं.

बाराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तो जोड फुटला. त्याच्या बरोबर खाली दाबाचं मीटर होतं आणि काका दर तासाला ते वाचायला उभे राहायचे. जास्त दाबाची वाफ डोळ्यांना दिसत नाही. कुठून येते हे कळायच्या आत माणूस भाजून निघतो. काका दोन दिवस जगले. त्यांना मी मारलं. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

चौकशीची नोटीस आली. फुटलेला तुकडा कापून नेला होता आणि त्यावर आकडा स्पष्ट होता. येताना नंबरचा पंच घेऊन यावा, असंही लिहिलं होतं. आदल्या दिवशी दुपारी नवरा कागदांच्या प्रती काढायला गेला होता. अण्णा स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. मी चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, पण तोंडाला लावला नाही.

“दर वेळी तू माझा जोड कापून नवा करतेस, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ते म्हणाले. “डोळे मिटून पडायचो ते ग्राइंडर ऐकायला. तो वाजला की निवांत झोप लागायची.”

मी कट्ट्याला धरून उभी राहिले.

“त्या दिवशी वाजला नाही. मला वाटलं, या वेळी जमला मला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी सगळं सांगून टाकलं, अर्जाचं, रागाचं, वरवर मारलेल्या ब्रशचं. ते ऐकत राहिले. चहावर साय धरली. शेवटी म्हणाले, “उठून बघायला हवं होतं मी. दहा पावलं होती.” एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले.

मी ठरवलं होतं. चौकशीत उभं राहायचं, पंच टेबलावर ठेवायचा आणि सांगायचं की तीन वर्षं हा नंबर माझ्या हातात आहे. हा जोड कच्चा आहे हे कळूनही मी शेजारी आकडा ठोकला, हेही सांगायचं. मग जे होईल ते होवो. पंच रुमालात गुंडाळून मी पिशवीत टाकला.

चौकशीची खोली लहान होती. भिंतीशी एकच बाक होता आणि त्यावर काकांची बायको बसली होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. मला उभं बघून ती सरकली आणि हाताने बस म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. बसायला नको होतं.

चौकशी करणाऱ्या साहेबाने तुकडा टेबलावर ठेवून विचारलं, हा जोड कोणी मारला. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता, त्याला आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा नव्हता. नवरा कागद चाळत होता. अण्णा उभे राहिले.

“माझा आहे. चौदाही माझे.”

साहेबाने त्यांच्या हाताकडे बघितलं. हात टेबलाच्या कडेवर थडथड वाजत होता. अशा हाताने काम घेतलंत, लाज नाही वाटली, असं त्याने विचारलं. अण्णा म्हणाले, वाटायला हवी होती. साहेबाने लायसन्स रद्द, नंबर रद्द आणि खटल्याची शिफारस असं सगळं लिहून घेतलं आणि पंच मागितला.

मी उठायला लागले. रुमालाची गाठ बोटांना लागली होती. अण्णांनी मागे वळूनही बघितलं नाही.

“हरवला,” ते म्हणाले.

साहेबाने तेही लिहून घेतलं. आता पंच काढला असता तर एवढ्या वयात ते खोटे ठरले असते. त्यांनी मला वाचवलं की गप्प केलं, देव जाणे. दोन्ही असेल. शेजारी काकांची बायको पदराने डोळे पुसत होती. पाइपाच्या कामावर सुनेला घेऊन येतो तो मिस्त्री हाच का, असं तिने मला हळूच विचारलं. तिचे यजमान त्या सुनेचं फार कौतुक करायचे म्हणे, जेवायला बोलावलं होतं तिला.

मी माहीत नाही म्हणाले. मांडीवरची पिशवी मी दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती हलत होती.