पांढऱ्या रेषेच्या मागे

फेर्मिन तोंडी परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा बाहेरच्या बाकावरची माणसं पोट धरून हसली. प्रश्न साधा होता. नेरेइदाबाईंनी विचारलं होतं, "दिवा लाल आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काय करशील?"

"जाईन की."

"का?"

"कुणी नाही म्हणून. तुम्हीच म्हणालात ना आत्ता."

ला सेइबिता गावात भाड्याची मोटारसायकल चालवायला लागून त्याला चौदा वर्षं झाली होती. मागे एक गिऱ्हाईक, कधी दोन, पुढे टाकीवर कच्च्या केळ्यांचा घड. परवाना नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता. यंदा वरून हुकूम आला, परवाना नसेल त्याची गाडी जप्त. मग गावातले सगळे मोटारसायकलवाले परवाना कार्यालयाच्या दारात येऊन बसले. फेर्मिनला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची परीक्षा तोंडी.

नेरेइदाबाई त्या कार्यालयात अठरा वर्षं नियम शिकवत होत्या, आणि कडक म्हणून ओळखल्या जात. पण या माणसाची त्यांना कीव आली. "दुपारी जेवणाच्या सुट्टीत येत जा," त्या म्हणाल्या. टेबलावर खडूनं चौक काढून त्यावर त्या राजम्याचे दाणे सरकवायच्या. हा ट्रक, ही बस, हा तू.

"पुढच्या गाडीपासून अंतर किती?"

"तिनं करकचून ब्रेक मारला तरी मला थांबता येईल एवढं."

"पुढे काढायची कुठून?"

"आपल्याकडं गाड्या उजवीकडनं चालतात, म्हणून डावीकडनं. वळणावर नाही, चढावर नाही."

"आणि लाल दिवा?"

"पांढऱ्या रेषेच्या मागं थांबायचं. कुणी असो, नसो."

"का?"

इथे तो अडायचा. मग बाई सांगायच्या, "नियम पाळला की तू काय करणार ते दुसऱ्याला आधीच कळतं. रस्त्यावर माणसं त्याच्यावरच जगतात." फेर्मिन मान डोलवायचा. चौथ्या खेपेला तो पास झाला.

त्याच महिन्यात कार्यालयाचे प्रमुख आनिबालसाहेब एक कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. वांदी नावाच्या पोराचा अवजड वाहनाचा परवाना. साहेबांच्या मेहुणीचा मुलगा.

"परीक्षा?" बाईंनी विचारलं.

"मी घेतली समजा. सिमेंटच्या ट्रकवर लागलाय, त्याला यायला वेळ नाही."

बाईंनी सही केली. वर्षभरात अशा आठ-नऊ झाल्या असतील. जेवणाची वेळ होती, आणि बाहेर फेर्मिन आभार मानायला उभा होता.

गावात सिग्नल एकच, कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्याजवळ. तिथे कुणीच थांबत नसे. फेर्मिन थांबू लागला. मागून हॉर्नांचा गजर व्हायचा. "अरे, दिवा काय तुझी सासू आहे का, एवढा मान देतोस?" असं ओरडून पोरं दोन्ही बाजूंनी निघून जायची. एक-दोन गिऱ्हाइकं मधेच उतरून दुसऱ्याच्या गाडीवर बसली. फेर्मिननं हे बाईंना सांगितलं ते तक्रार म्हणून, पण आवाजात थोडी ऐटही होती.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता दिवा लाल झाला, फेर्मिन थांबला, आणि मागून आलेला सिमेंटचा ट्रक थांबला नाही. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा तो शुद्धीवर होता. "बाई, मी रेषेच्या मागं होतो," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला. परीक्षेत उत्तर बरोबर आलं का ते चेहऱ्यावर बघावं तसा तो त्यांच्याकडे बघत होता.

त्याची बायको सोइला उशाशी संत्रं सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "चौदा वर्षं नियम मोडले, तेव्हा दोन्ही पाय होते," ती म्हणाली.

पोलीस चौकीत नोंद झाली होती: मोटारसायकलस्वार अचानक थांबला.

"दिवा लाल होता," बाई म्हणाल्या.

"बाई, तिथं थांबतं कोण? हा थांबेल हे मागच्याला कळावं कसं?" हवालदार चांगल्या मनानं बोलत होता. त्यानं नोंदवही त्यांच्याकडे फिरवली. चालकाचं नाव वांदी. परवाना बाईंच्याच कार्यालयाचा.

कार्यालयात परतून त्यांनी कपाटातली फाईल काढली. सही त्यांची, नेहमीसारखी, घाईतही नीटनेटकी.

खरं काय ते पोलिसांना लिहून देणार असं बाईंनी सांगितलं, तेव्हा आनिबालसाहेब शांतपणे म्हणाले, "लिहा ना जबाब, मी कोण अडवणार? फक्त त्या कागदावर माझं नाव कुठं आहे ते दाखवा."

जबाब देण्याआधी बाई फेर्मिनच्या घरी गेल्या. तो दारात खुर्चीवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

फेर्मिननं विचारलं, "त्याला एकही प्रश्न विचारला नाहीत?"

"नाही."

"मला चार वेळा विचारलेत."

"हो."

"मी मूर्ख होतो म्हणून विचारलेत असं वाटायचं मला." आतून सोइलाची चाहूल लागली, तसा तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही निघा आता बाई. तिनं ऐकलं तर तिला आवरणं मला जमणार नाही."

बाईंनी जबाब लिहून दिला. चौकशी झाली. कागदावर सही एकटीची, म्हणून दोषही एकटीचा, आणि अठरा वर्षांची नोकरी गेली. वांदीचा परवाना रद्द झाला, आणि दोन महिन्यांत शेजारच्या प्रांतातून नवा निघाला. चौकीतली नोंद मात्र बदलली नाही. दिवा लाल होता असं सांगणारा साक्षीदार हवा होता. त्या सकाळी तिथून गेलेला प्रत्येक जण दिवा मोडूनच गेला होता, मग बोलणार कोण?

आता बाई बाजारात बहिणीच्या भाजीच्या गाळ्यावर बसतात. शनिवारी सोइला येते. रताळी, कांदे, कच्ची केळी घेते, शेजारच्या गाळ्यावरून. तिथे भाव जास्त आहे. बाई तिला हाक मारत नाहीत.