एकशे ऐंशी पानांपर्यंत ठीक

"हे नाही चालायचं," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक तिच्याकडे परत सरकवलं. "यातून लोकांना काय कळायचं? न्यायचं की नाही न्यायचं?"

पाणीपुरवठ्याच्या वसाहतीतलं ते एका खोलीचं वाचनालय. पंपघर भिंतीला भिंत लागून. नियम साधा, पण कडक. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागद डकवलेला असे. पुस्तक परत करताना त्यावर पेन्सिलीने आपलं मत लिहायचं. मत नाही, तर पुढचं पुस्तक नाही. खातं बंद करायचं म्हटलं तरी मत द्यावंच लागे.

तिच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन तीन आठवडे झाले होते. हे त्यांनी नेलेलं शेवटचं पुस्तक. वाचता वाचताच शेरा लिहायला घ्यायची त्यांची खोड. कागदावर त्यांचं ठसठशीत अक्षर होतं: '१८० पानांपर्यंत ठीक. पण'. पुढे कोरं.

त्याखाली तिने काल लिहिलं होतं: 'मानवी एकाकीपणाचं रूपक म्हणून ही कादंबरी महत्त्वाची ठरते.' ती कॉलेजात साहित्य शिकवत होती. असली वाक्यं तिला झोपेतही सुचत.

"रूपकबिपक राहू दे गं," बाई म्हणाल्या. "हे त्यांचं 'पण' लटकतंय, ते कुणी निस्तरायचं?"

खिडकीशी बसलेल्या सिस्टर हसल्या. रात्रपाळी संपली की दवाखान्यातून त्या थेट इथे येत. "अगं, तीन आठवडे जग बुडायची पुस्तकं फळीवरून हललेली नाहीत. प्रेशरचा शेरा नाही, तर न्यायचं कुणाच्या भरवशावर?"

प्रेशर म्हणजे अण्णा. एकतीस वर्षं पंप मेकॅनिक. कुणी बरं वाटत नाही म्हणालं तरी आधी विचारायचे, "प्रेशर किती?" साडेअकराचा पंप ते असा ठोक्याला सुरू करत, की वसाहत त्यावर घड्याळं लावी. आणि विज्ञानकथा वाचत त्या मशीन खोलून बघावं तशा.

"अण्णा, जरा खरं काहीतरी वाचा ना," ती एकदा म्हणाली होती.

"खरं दिवसभर बघतोच की गं," ते म्हणाले होते. पुस्तकातून मान वर न करता.

ती फळीपाशी गेली. एक पुस्तक काढून शेवटचा कागद उघडला. 'यंत्रमानव कामसू आहे. तेलपाणी कोण करतं ते लिहिलेलं नाही.' खाली सिस्टरचं तिरकं अक्षर: 'तुम्ही करा. आठ महिन्यांत रिटायर होताय ना?' दुसऱ्या पुस्तकात: 'हुकूमशहा नंबर एक. सगळ्यांना कोंडून ठेवलंय, तरी रोज नळाला पाणी येतं. म्हणजे कुणीतरी कामावर येतोय. त्या माणसाला एक पान द्यायला हवं होतं.'

तिने तो शेरा दोनदा वाचला. वर्षाला चाळीस निबंध तपासायची ती. ते लिहिणाऱ्यांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

ती टेबलाशी परत आली. "रबर द्या."

"हे घे. आणि ही पेन्सिल. त्यांचीच आहे, शार्पनर लावू नकोस. कानशीने टोक काढायचे."

स्वतःचं वाक्य तिने खोडलं, भुसा फुंकला आणि पुस्तक उघडलं. कादंबरी तिने घरी दोन बैठकांत संपवली होती, पण आपल्या डोळ्यांनी. आता एकशे ऐंशीव्या पानापासून ती सावकाश निघाली. शहर पडलेलं. चारशे माणसं जुन्या तळघरात लपलेली. डोक्यावर नदी. अकरा वर्षं तिथेच संसार, भांडणं, बाळंतपणं. भिंती कोरड्या. गाद्या कोरड्या.

एकशे त्र्याऐंशीव्या पानावर ती थांबली. आणि फस्सकन हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"काय झालं गं?" सिस्टरनी विचारलं.

"अहो, नदीच्या खाली तळघर आहे! अकरा वर्षं! आणि कुणाचा पायसुद्धा ओला नाही!"

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "उपसा कोण करतं मग?"

"तेच तर!"

तिने पेन्सिल धरली. 'पण'च्या पुढे, त्याच ओळीत, एका दमात लिहिलं: 'तळघर नदीच्या खाली आहे आणि पंपावरचा माणूस दिसत नाही. तो सापडला असता, तर पुस्तक याहून चांगलं झालं असतं. तरी न्यावं.'

बाईंनी चष्मा वर सरकवून वाचलं. दोघांची अक्षरं एका ओळीत होती. कुठे जोड आहे ते स्पष्ट दिसत होतं. त्यांनी शिक्का मारला.

"आण इकडे, मी नेते," सिस्टर म्हणाल्या. "पण तुझ्या बापाचं ऐकून नेतेय हां, तुझं नाही."

"माझंही तेच म्हणणं आहे," ती म्हणाली.

बाईंनी ट्रेमधून अण्णांचं कार्ड काढलं. सवयीने विचारून गेल्या, "पुढचं कुठलं देऊ?" मग कार्ड पालथं ठेवलं.

"तो हुकूमशहा द्या," ती म्हणाली. "माझ्या नावावर."

बाई नवीन कार्ड लिहू लागल्या. भिंतीपलीकडे पंप घरघरला, दोनदा अडखळला आणि मग लयीत लागला. तिघींनीही घड्याळाकडे पाहिलं. अकरा चौतीस.

कुणी घड्याळ लावलं नाही.