शनिवारचा मजूर

ओव्हिडिओ मेदेइरोसच्या कंपनीत माणसं किती, तर एक. मालक तोच, फरशी बसवणाराही तोच. फॉल रिव्हर गावातल्या नव्या शाळेचं काम सरकारी, म्हणून मजुराला ठरलेल्या दराने पैसे द्यायचे, मग तो मजूर आपणच का असेना. दर आठवड्याला तो स्वतःला पगार दिल्याच्या कागदावर इमानेइतबारे सही करी. या कामाच्या कागदात फक्त एक शनिवार लिहिला नव्हता. त्या दिवशी दारापाशी एक ओळ केसभर तिरकी दिसली, आणि लाजेने त्याने ती गुपचूप उखडून पुन्हा बसवली. स्वतःच्या चुकीचे तास कुठला कारागीर लिहितो?

शाळेच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत मात्र त्या शनिवारी त्याचं नाव होतं. मंगळवारी मजूर खात्याकडून तपासणीला पिकरिंगबाई आल्या.

“मजुराशी एकांतात बोलायचंय. मालकांनी बाहेर थांबावं.”

“बाई, मालक मीच की.”

“म्हणूनच सांगतेय. जा, आणि मजुराला पाठवा.”

ओव्हिडिओ बाहेर गेला, कोट काढून खुंटीला लावला आणि आत आला. सगळा येडेपणाच, पण खुर्चीपाशी उभा राहून तो मनात हिशेब करू लागला. शनिवार कबूल केला तर मालकाला तीन वर्षं सरकारी काम बंद, आणि सरकारी वाचनालयाच्या फरशीचं काम तर जवळजवळ हातात आलेलं. ‘विसरलेली थापी न्यायला आलो होतो’ म्हटलं की सुटका.

“बसा,” बाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. “मालक त्रास देतो?”

“तोंडाचा फटकळ आहे. धड जेवू देत नाही.”

“शनिवारी फुकट राबवलं का? घाबरू नका. तुमचं नाव त्याला कळणार नाही.”

सव्वीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

“राबवलं,” तो म्हणाला. “सहा तास. आणि हा काही पहिला शनिवार नव्हे.”

मग कोट चढवून मालक आत आला. बाईंचा आवाज पुन्हा करडा झाला.

“तुमच्याविरुद्ध तक्रार आहे.”

“कोणाची?” ओव्हिडिओ चिडलाच.

“ते सांगता येत नाही. आणि त्याच्यावर डूख धरलात, तर याद राखा.”

घरी बायकोने, डेल्फिनाने, कोबीचं सूप वाढलं. “काय झालं रे?”

“मालक बुडाला. तीन वर्षं सरकारी काम नाही. वर मजुराला सहा तासांचे पैसे द्यायला लावले.”

डेल्फिनाने पाव मोडला. इतक्या वर्षांचे शनिवार ती एकटीच जेवत आली होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “त्या मेल्याकडे पुन्हा कामाला जाऊ नकोस.”