खाली न ठेवलेली वीणा

मित्रांनो, जरा जवळ सरका. बुवा उभे राहायला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी वीणा आहे. मिरजेच्या कारागिराने भोपळा वाळवून मला घडवलं आणि कासुर्डीजवळच्या एका वाडीतल्या विठ्ठल मंदिरात मी आले. सप्ताह बसला की सात दिवस मला जमिनीवर टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. त्यालाच पहारा म्हणतात.

वाडीत रोहिदास नावाचा तिशीतला गडी होता. त्याच्या डोक्यात माणसं बोलायची, शिव्या द्यायची. दौंडच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी ती दबायची, आणि माझ्या तारा वाजल्या की गप्पच व्हायची. म्हणून तो माझ्याकडे कान लावून बसे. गाव त्याला 'याडं' म्हणे.

यंदा दुपारचा पहारा वाडीतल्याच इंद्रजीतकडे होता. पुढचा गडी आलाच नाही, आणि इंद्रजीतची कुरकुंभच्या कंपनीची बस तर निघायला झाली. त्याने मला रोहिदासच्या गळ्यात घातलं.

"कायबी झालं तरी खाली ठेवू नको," म्हणाला आणि पळाला.

काय जपून धरलं हो रोहिदासने मला! आजवर त्याच्यावर कुणी काही सोपवलंच नव्हतं.

मग नैवेद्य घेऊन बायका आल्या, तर विठोबाच्या डोक्यावर चांदीचा मुकुट नाही. देवळात एकटा रोहिदास. याडं म्हंजी चोर, हे गावाला पाठच होतं. माणसं धावली. त्याची आई सोजराबाई आडवी आली. "लेकाला माझ्या आवाज येत्यात, पर हात वंगाळ न्हाईत त्याचं." तिला लोटून दिलं. पहिला हात उठला, तोच मागून एक भाविक म्हणाला, "वीणा सांभाळून मारा रे."

त्यांनी सांभाळलंही. मला ओरखडा आला नाही. रोहिदासचे दोन्ही हात माझ्यावर होते, तो तोंड कशाने झाकणार? एवढंच म्हणत राहिला, "आधी कुणीतरी वीणा घ्या."

कुणी घेतली नाही.

विश्वस्त पोपटराव जेवून आले आणि थबकले. मुकुट त्यांनीच सकाळी यवतच्या सोनाराकडे उजळायला दिला होता. सांगायचं राहून गेलं होतं. ते त्यांनी आत्ता सांगितलं. मग एकजण म्हणाला, "मंग याड्यानं आधी बोलायचं न्हाई व्हय?" आणि माणसं हसत पांगली.

संध्याकाळी बुवांनी भूतदयेवर कीर्तन केलं. फार रसाळ झालं. पोपटरावांनी उपरण्याने डोळे पुसले.

त्या माराने रोहिदासच्या दोन्ही कानांचे पडदे फाटले. माझ्या तारा आता त्याला ऐकू येत नाहीत. डोक्यातली माणसं मात्र येतात. तो पायरीवर बसून वाजवणाऱ्याची बोटं बघतो. वीणेला याड्याचा हात नको, असं ठरलंय.

मित्रांनो, मन आजारी असलं म्हणून हात चोराचे होत नाहीत. त्या दुपारी देवळात गुन्हा झाला खरा, पण तो करणाऱ्यांतला एकही आजारी नव्हता. कधी मला गळ्यात घ्याल, तेव्हा मला खाली न ठेवणाऱ्या रोहिदासची आठवण ठेवा.