बटणांचा डबा

आमचं काम सोपं. फोन लावायचा, कागदावरचा शब्दन् शब्द वाचायचा, उत्तरापुढे खूण करायची. आवाजात चढउतार नको, स्वतःचं शहाणपण तर अजिबात नको. साबणापासून निवडणुकीपर्यंत सगळं मी चार वर्षं असंच विचारत आले.

गांजाला कायद्याने परवानगी द्यावी का, हा प्रश्न आला तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला. परवानगी मिळाली, तर थोडक्या मालासाठी आत गेलेले सुटणार होते आणि माझा दादा त्यातलाच. दादा शिंपी. आईच्या हाडांच्या दुखण्याला कशानेच उतार पडेना, तेव्हा तो कुठून तरी गांजा आणायचा आणि चिमूटभर दुधात उकळून तिला द्यायचा. तेवढीच तिला झोप. पोलिसांनी दुकान उपसलं आणि बटणांच्या डब्यातून पुडी काढली. कोर्टात दादाने आईचं नाव काढलं नाही. स्वतःसाठी आणला म्हणाला. खरं आम्हा तिघांनाच ठाऊक.

सरकार लोकांचा कल पाहून ठरवणार होतं. पहिल्या आठवड्यात दहातले सहा जण 'हो' म्हणत होते. मी हवेत होते. त्या आनंदात पंडितीणबाईला सगळं सांगून बसले. आमचे प्रश्न ती लिहायची, म्हणून हे टोपणनाव. चार वर्षं आम्ही रोज शेजारी बसून जेवलो होतो. तिने माझा हात धरला, स्वतःचे डोळे पुसले. "आणखी कुणाला बोलू नकोस हं," असं उलट तिनेच मला बजावलं.

सोमवारी नवा कागद आला. प्रश्नाआधी एक वाक्य वाढलं होतं. 'एका कारागिराने बटणांच्या डब्यात गांजा लपवला आणि स्वतःच्या आजारी आईलाही त्याची चटक लावली. हे लक्षात घेता परवानगी द्यावी का?'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक तिच्या टेबलापाशी गेले.

"हे काय लिहिलंस?"

"नाव कुठे आहे त्यात?" मान वर न करता ती म्हणाली. "'हो' फार येतायत, असं वरून आलं. साहेबांना उदाहरण हवं होतं. मी नाही तर दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं."

"चटक? चटक म्हणाले होते मी?"

"एका शब्दाचं काय घेऊन बसलीस! जा, फोन राहिलेत."

आणि मी गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले. नोकरी सुटली तर आईचं कोण बघणार, असं घोकत त्या दिवशी चाळीस घरांना माझ्या भावाची बदनामी वाचून दाखवली. चढउतार न करता. सात जण 'हो' म्हणाले.

घरी आले तर आई भिंतीला टेकून बसलेली, चेहरा उतरलेला.

"एका मुलीचा फोन आला होता," ती म्हणाली. "गांजाचं विचारत होती."

"काय सांगितलंस?"

"तिला डब्याचं माहीत होतं गं. माझंही. हो म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं, हीच ती चटक लागलेली म्हातारी."

"आई, सांगितलंस काय?"

"नको म्हटलं. परवानगी देऊ नका म्हटलं." ती रडायला लागली. "माझ्याच पोराला आत ठेवा म्हटलं मी. पण हे बाहेर गेलं कसं? तो तर जज्जासमोरही बोलला नाही."

पंडितीणबाईचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मी सांगितलं, आई," मी म्हणाले.