रुपालीच्या बापाचा फोटो

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं त माहे उरलेले दोन दात उपटून न्या.

माही सून जया कळंबले बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवते. त्या साली कापसाले भाव नव्हता, जिनिंग बंद पडली. तिथला कामगार पुंडलिकराव "सुरतले काम पाह्यतो" म्हणून गेला, तो गेलाच. ना फोन, ना निरोप. त्याची पोरगी रुपाली पोलीस ठाण्यात गेलती. शिपाई म्हणे, "फोटो आना." बापाचा फोटो एकच, तिच्या लग्नातला, जयाच्या कंप्युटरात.

"जयाताई, भेटन न व?"

"अव बस त. 'लग्न' नावाच्या फोल्डरात सारे लग्नं हायेत. पह्यले जरा जागा करतो, मशीन भरून गेली."

जागा कराले जयानं स्वतःच एक स्क्रिप्ट लिहिलती. म्हणजे मशीनले हुकूम: नाव टाका, त्या नावाचं फोल्डर साफ. एका नवरीचे, प्रियंकाचे, फोटो तेवढे येगळ्या फोल्डरात होते अन् कवाचेच देऊन झालते, म्हणून तिनं टाकलं 'प्रियंका लग्न', अन् बटन दाबलं. मशीन अशी घुरघुरली का बाहेरची एसटी बिना ड्रायव्हरची दोन हात मांगं सरकली!

पडद्यावर आलं, 'प्रियंका' नावाचं काही नाई. जयानं 'लग्न' उघडाले पाह्यलं. तेही नाई.

तिनं लगेच पांढरकवड्याच्या जीशानले फोन लावला. कंप्युटर त्यानंच तिले शिकवलता.

"भाभी, स्क्रिप्टमंधी नावाच्या व्हेरिएबलले दोन्हीकून कोट, ते अवतरणचिन्हं, लावले का?"

"नाई लावले. काहून?"

"मंग झालं कल्याण. कोट नसले का मधातली रिकामी जागा पाहून मशीन एका नावाचे दोन तुकडे करते. 'प्रियंका' येगळं, 'लग्न' येगळं. दोन्ही पुसाले निंघाली. प्रियंका भेटली नाई, लग्न भेटलं."

"वापस येते का, भाऊ?"

"आत्ता मशीन बंद करा. हात लावू नका. मी येऊन पाह्यतो, पन भरवसा नाई."

रुपाली खुर्चीच्या कडेवर बसलती. "ताई, माह्या लग्नातलेबी गेले काय?"

जया मशीन बंद कराले वाकली. कोपऱ्यातून मीच म्हटलं, "अव पोरी, कॅमेऱ्यातलं कार्ड त पाय!"

कार्ड लावलं, अन् पाह्यते त काय! पुंडलिकराव, नवा पांढरा सदरा, तोंडभर हासून राह्यला. रुपाली तो फोटो छातीशी धरून ठाण्याकडं पयालीच.

...

बरं, एवढं एक मी आपल्या मनचं घातलं. कार्ड कोरं होतं. जीशानलेबी काही भेटलं नाई.

जया दुकानाले कुलूप लावून रुपालीसंग ठाण्यात गेली. शिपायानं पेन काढला. "बरं सांग, दिसते कसा? उंची किती?"

रुपालीनं हात हवेत धरला. थोडा वर केला. मंग जराकसा खाली आनला, अन् तसाच धरून उभी राह्यली.

शिपायानंबी घाई केली नाई.