मुठीचा स्क्रू

खोटं मी आयुष्यात बरंच बोलले आहे, पण गाडीबाबत कधीच नाही. गिऱ्हाईक रडो की ओरडो, इंजिन गेलं असेल तर गेलं म्हणून तोंडावर सांगते. म्हणूनच ते एक खोटं इतकं महागात पडलं.

माझं दुकान छोट्या मोटारसायकलींचं. खेळणी नव्हेत हो! खरं पेट्रोल पितात, दोरी ओढली की खरा धूर ओकतात, फक्त उंचीला माझ्या कमरेएवढ्या. बारा-चौदा वर्षांची पोरं येतात, आणि पन्नाशीत हौस आलेली माणसंही येतात, गुडघे हँडलला आपटत शिकतात. दुकानामागे बंद गोदामाचं सिमेंटचं आवार आहे. तिथे जुने टायर मांडून मी शिकवते. गिअर नाही, क्लच नाही. उजवी मूठ पिळली की पळायचं, सोडली की मंदावायचं. त्या मुठीपाशी वाटाण्याएवढा एक स्क्रू असतो. तो आवळला की मूठ अर्ध्यावरच अडते. नवशिक्यांसाठी दिलेली सोय आहे ती. फक्त स्क्रू कुठवर आवळलाय हे चालवणाऱ्याला आधी सांगायचं, हा माझ्या दुकानाचा नियम. मीच तो भिंतीवर लाल रंगात लिहिलाय.

खारू माझी भाची, तेरा वर्षांची. चालायच्या आधी कपाटावर चढायची म्हणून खारू. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, चष्मे बनवतो आणि डाव्या पायाने लंगडतो. लंगडतो तो माझ्यामुळे. तो पंधराचा होता, मी एकोणीसची. गाडी मी चालवत होते, वळण मी चुकवलं. मला साधं खरचटलंही नाही. तीस वर्षांत त्याने एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटले असते.

खारूने शिकायचा हट्ट धरला, तेव्हा तो दुकानात आला.

"ताई, शिकवायचं तर तूच शिकव. पण तो स्क्रू आवळून ठेव. आणि तिला कळू देऊ नकोस. कळलं तर ती स्वतःच सोडवेल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? भिंतीवर काय लिहिलंय वाच."

त्याने भिंतीवरचं वाचलं. उठताना फक्त डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून उठला. झालं! मी स्क्रू आवळला.

दोन महिने बरे गेले. मग बाकीची पोरं खारूला मागे टाकायला लागली. तिच्यानंतर आलेलीसुद्धा. एक दिवस ती माझ्यापाशी येऊन थांबली. माझे हात ग्रीसने माखलेले, दारात दोन गिऱ्हाइकं बोंबलत होती.

"आत्या, माझी मूठ पुढे जातच नाही गं. स्क्रू सोडलायस ना?"

"सोडलाय."

"मग?"

"भीती असली की मनगट आखडतं. होईल हळूहळू."

पुढचे काही दिवस जीभ हासडून टाकावीशी वाटत होती मला, पण टाकली नाही आणि खरंही सांगितलं नाही. तिने मात्र विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? गाडीबाबत आत्या खोटं बोलत नाही.

घरी काय चाललंय ते भावाकडून कळायचं. मनगट मोकळं व्हावं म्हणून पोरगी रोज ओले टॉवेल पिळते. नळ, बरण्यांची झाकणं घट्ट करते, सैल करते, पुन्हा घट्ट करते. "घरातली एकही बरणी आता माझ्याच्याने उघडत नाही," तो हसत म्हणाला. मीही हसले. काय हसले कोण जाणे!

चौथा महिना सरत आला तेव्हा एका रविवारी सकाळी बापलेक दोघं आली. खारूच्या मनगटाला रुमाल बांधलेला, मनगट चांगलंच सुजलेलं. हेल्मेट तिने माझ्या टेबलावर ठेवलं, अगदी सावकाश.

"आत्या, माझी गाडी कुणातरी धीट मुलीला दे."

मी भावाकडे पाहिलं. सुटलो, असं त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. मग त्याची नजर त्या रुमालाकडे गेली आणि तो खाली बघायला लागला.

स्क्रू गुपचूप सोडवून टाकावा, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण अर्ध्या मुठीची सवय झालेल्या हाताला अचानक पूर्ण मूठ मिळाली की गाडी उसळते. माझ्या खोट्याची भरपाई पोरीच्या हाडांनी करायची का?

"खारू," मी म्हणाले, "स्क्रू आवळलेला आहे. पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोलले."

"मी सांगितलं होतं तिला," भाऊ घाईने म्हणाला. "तिचा दोष नाही."

"गप्प बस. तोंड माझं होतं."

खारू आवारात गेली. गाडीशेजारी बसून तिने मूठ पिळली. ती अडली. तिने खाली वाकून तो स्क्रू नीट पाहिला. मग आमच्याकडे न बघता तिने विचारलं,

"म्हणजे चार महिने मी पूर्ण मूठ पिळत होते?"

"जेवढी फिरत होती तेवढी सगळी."

"वळणावरसुद्धा?"

"वळणावरसुद्धा. म्हणून तर मी ओरडायचे, 'अगं सोड, सोड!'"

तेव्हा ती रडली. रागाने, नाक पुसत, हुंदके गिळत. "मी रोज झोपताना स्वतःला भित्री म्हणायचे, आत्या. रोज!"

मी फडकं पुढे केलं, तिने घेतलं नाही.

रडून झाल्यावर ती दुकानात गेली, स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि माझ्यासमोरून जाऊन तो बापाच्या हातात दिला.

"बाबा, तू सोडव. किती सोडवायचा ते तूच ठरव. पण मला सांगून."

भावाला खाली बसता येत नाही. तो टायरवर टेकला, वाकला आणि स्क्रू फिरवला. "पाव फेरा," तो म्हणाला. खारू चक्कर मारून आली. आणि या माणसाने, तोंडात बसलेलं म्हणून, चष्म्याच्या दुकानात भिंगं बदलताना गिऱ्हाइकांना विचारतो तेच विचारलं, "आता कसं? हे बरं, की मघाचं?"

"हे बरं," खारू गंभीरपणे म्हणाली. "अजून थोडं."

पुन्हा पाव फेरा, पुन्हा चक्कर. असं चारदा झालं. प्रत्येक वेळी गाडीचा आवाज थोडा चढायचा आणि भाऊ टायरची कड थोडी घट्ट धरायचा. पाचव्या वेळी त्याने स्क्रूला हात लावला आणि काढून घेतला.

"आज इथवरच, खारू. अजून बराच बाकी आहे, पण माझ्याच्याने होत नाही. मला भीती वाटते."

हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"त्या दिवशी वळण मी चुकवलं होतं," मी म्हणाले. माझ्याही तोंडून हे पहिल्यांदाच निघालं. तो मान हलवून म्हणाला, "माहीत आहे गं, मागे बसलो होतो ना मी."

खारूने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा स्क्रूकडे. मला वाटलं आता पुन्हा भडका उडणार.

"चालेल," ती म्हणाली. "सांगितलंस ना, मग चालेल."

हेल्मेट घालून ती निघाली. कोपऱ्यावरच्या टायरांपाशी तिने मूठ सोडली, वळली, पुन्हा पिळली. भाऊ लंगडत कुंपणाच्या कडेकडेने तिच्याबरोबर चालत होता आणि "हळू" एकदाही म्हणाला नाही. मी जागची हलले नाही. मुठीत कुठलासा पाना आवळलेला होता, तो कधी उचलला तेही आठवत नव्हतं.

तिसऱ्या चकरेला ती माझ्यासमोर थांबली. रडं थांबल्यावर दिवसभरात ती माझ्याशी तेवढंच बोलली, तेही माझ्या हाताकडे बघून.

"आत्या, पाना सोड. मनगट आखडेल."